बोलले ते बोलले

दसऱ्याच्या सकाळी आक्काच्या तोंडून भलताच भाव निघून गेला. त्या वर्षी पावसानं झेंडूची पार वाट लावलेली, तीस रुपये किलोच्या खाली कुणी फूल द्यायला तयार नव्हतं, आणि आक्का पहिल्याच गिऱ्हाइकाला म्हणाली, "दहा." जीभ घसरली, दुसरं काही नाही. दुसरी कुणी असती तर "अगं बाई, तीस म्हणायचं होतं" म्हणून मोकळी झाली असती, आणि गिऱ्हाइकानंही हसत तीस दिले असते. आक्कानं एकदा डोळे मिटून घेतले, तराजू उचलला आणि म्हणाली, "बोलले ते बोलले. घे, कर दसरा."

नाशिकला गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, असली बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? बघता बघता तिच्यापुढं ही रांग! आक्का प्रत्येकाला दहानं झेंडू देत होती आणि वर प्रत्येकाचा उद्धार करत होती. "सणासुदीला बाईमाणसाला लुटायला आलास व्हय रे? पिशवी नीट धर, सांडशील." मी टोपल्या उचलायला म्हणून गेलो होतो. रांगेत आमच्या कंपनीतले दोघे दिसले, तसा मी टोपलीआड वाकलो तो वाकलोच. फुलं संपेपर्यंत वर आलो नाही.

मी मुळातच लाजरा माणूस. हॉटेलात चहा थंड आला तरी परत कर म्हणायची माझी छाती नाही, तसाच पिऊन घेतो आणि वर "छान होता" म्हणतो. अशा माणसाच्या भिंतीला भिंत लावून देवानं आक्का आणून ठेवली, यात देवाची काहीतरी थट्टाच असणार.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. येवल्याला आमच्या घरी वडील आणि थोरला भाऊ मागावर पैठणी विणायचे. माझा हात त्यात कधी बसला नाही, म्हणून मी नाशिक गाठलं. सातपूरला एका कंपनीत टेंपररी लागलो आणि पंचवटीतल्या एका चाळीत खोली घेतली. शेजारची खोली आक्काची, तीही भाड्याचीच. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माहेर मखमलाबादचं, फुलशेती करणाऱ्या माळ्यांचं. भाऊ सकाळी फुलं टाकून जायचे आणि आक्का देवळाच्या कोपऱ्यावर पोतं अंथरून ती विकायची.

मला आल्या आल्या कावीळ झाली. आक्कानं काही विचारलं नाही, सरळ ताबाच घेतला. उसाचा रस, मुळ्याचा पाला, बिनतेलाचं वरण. येवल्याला कळवतो म्हणालो तर अंगावर आली, "कशाला त्या माउलीच्या जिवाला घोर? मी काय मेले का हितं?" मी बरा झालो आणि पहिल्यांदा तिच्या दारात जाऊन म्हणालो, "आक्का, तुमचे फार उपकार झाले." तिनं हातातलं लाटणं पोळपाटावर आपटलं. "तुमचे? आईला तुमचे म्हणतात का रे तुमच्या येवल्यात? आजपासून तू माझा पोरगा. बोलले ते बोलले."

झालं. मला कुणी विचारलंच नाही.

तिचं 'बोलले ते बोलले' म्हणजे काय, हे चाळीतल्या सगळ्यांनी कधी ना कधी भोगलेलं होतं. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं एकदा तिला किडकी तूरडाळ दिली, तेव्हा ती म्हणाली होती, "तुझ्या दुकानावरून परत जाणार नाही." झालं एवढंच की त्या दुकानावरून गेल्याशिवाय चाळीतून बाहेर पडायला सरळ रस्ताच नव्हता. मग आक्का मागच्या बोळातून, गटारावरची फळी ओलांडून, सबंध वळसा घालून फुलांच्या जागेवर जायची, डोक्यावर टोपली घेऊन. दुकानदार बिचारा मेला, पोरानं दुकान मोडून तिथं फोनचा पीसीओ काढला, तरी आक्काचा वळसा चालूच. मी म्हणालो, "अगं, आता ते दुकानच नाही." तर म्हणाली, "मी दुकान कुठं म्हणाले होते? जागा तर तीच हाय ना?"

माझा डबा तिच्याकडंच असायचा. एकदा विसरलो, तर ही बाई बस पकडून सातपूरला कंपनीच्या गेटवर हजर. वॉचमनला म्हणाली, "माझ्या पोराला बोलीव. सांग आई आलीय." वॉचमननं आत जाऊन सगळ्या डिपार्टमेंटमध्ये दवंडी पिटली. मी गेटवर आलो तर मागून दहा-पंधरा जण. आक्काच्या डोक्यावर पदर, पदराला झेंडूच्या पाकळ्या, हातात डबा, आणि वर सगळ्यांसमोर माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणते कशी, "सकाळचा उपाशी हाय ना रे?" त्यानंतर पुढं किती तरी दिवस मला कंपनीत 'झेंडू' म्हणायचे. मी घरी येऊन तिच्यावर चिडलो. ती म्हणाली, "चिडला तर चीड, पण आधी जेव."

आता मूळ गोष्टीकडं येतो. नको वाटतं, पण येतो.

आक्काला सरकारकडून निराधार योजनेचे पैसे मिळायचे, दर महिन्याला मनीऑर्डरनं. ज्यांना कमावतं कुणी नाही अशा विधवा, म्हातारी माणसं, अपंग यांच्यासाठी ती योजना. नवऱ्याच्या माघारी कुणा ओळखीच्या माणसानं कागद करून दिले होते, हिनं फक्त अंगठा उठवला होता. ती त्याला 'माझा पगार' म्हणायची. मनीऑर्डर यायच्या दिवशी ती धंद्याला जायची नाही. नहाण करून, ठेवणीतलं नऊवारी नेसून दारात पाट टाकून बसायची. पोस्टमनला चहा, बिस्किट. निराधार हा शब्द मात्र तिनं कधी तोंडातून काढला नाही. कुणी म्हटलंच तर उसळायची. "निराधार असतील तुमच्या घरचे. सरकारला माझी कदर हाय म्हणून पगार देतं."

एके सकाळी तलाठी भाऊसाहेब चौकशीला आले. नवीनच बदलून आलेले, घरोघर जाऊन खात्री करायची म्हणून हातात यादी घेऊन हिंडत होते. माणूस चांगला होता, काम करत होता. पण वेळ! आदल्याच दिवशी नळावर आक्काचं आणि समोरच्या बाईचं जुंपलं होतं. समोरच्या बाईला तीन मुलगे, आणि भांडणाच्या भरात ती आक्काला 'वांझोटी' म्हणून गेली होती. सगळ्या चाळीनं ते ऐकलेलं. आक्कानं तेव्हा उलटून एक शब्द काढला नव्हता, हंडा उचलून आत गेली होती. आक्का गप्प बसली याचीच आम्हाला धास्ती वाटत होती.

आणि आता ती समोरची बाई कठड्याला टेकून उभी, अख्खी चाळ गॅलरीत, आणि भाऊसाहेब विचारतात, "काय मावशी, मूलबाळ?"

आक्कानं समोरच्या बाईकडं बघितलं. मग हात लांब करून माझ्याकडं बोट केलं. "हा काय उभा. माझा पोरगा. सातपूरला कंपनीत हाय, पगारदार हाय."

मी गळ्यात टॉवेल, तोंडात ब्रश, असा नळाकडं निघालो होतो. भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. तोंडात फेस, चारचौघांत तिला खोटं पाडायचं कसं, आणि खरं सांगू, त्या समोरच्या बाईचं पडलेलं तोंड बघून मलाही आतून मजा वाटली. मी मान हलवली. भाऊसाहेबांनी लिहून घेतलं आणि पुढच्या दाराशी गेले.

त्या महिन्याची मनीऑर्डर आलीच नाही. आक्का नेसून, पाट टाकून संध्याकाळपर्यंत बसली. मग काही दिवसांनी तहसील कचेरीतून नोटीस आली. मीच वाचून दाखवली. कमावता मुलगा असताना खोटी माहिती देऊन इतक्या वर्षांचं अनुदान घेतलं, ते सगळं परत भरा, नाहीतर जप्ती. आक्कानं मला ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हणजे पगार दिला तो उसना व्हता का काय?"

मी म्हणालो, "आक्का, यात काही नाही. उद्या जाऊ, सांगू की हा शेजारी आहे. माझी आई येवल्याला आहे, माझा शाळेचा दाखला आहे. पाच मिनिटांचं काम."

"आणि ती?" तिनं समोरच्या दाराकडं हनुवटी उडवली. "तिच्यासमोर बोललेय मी. चारचौघांत बोललेय. आता सरकारला जाऊन सांगू, की नाही बाबा, मला पोरगा नाही?"

"अगं, पण ते देणं..."

"देणं फिटतं रे. बोललेलं कसं फिटवायचं?"

भले भले समजवायला आले. मखमलाबादचे भाऊ आले, देवळातले पुजारी आले. ही आपली सुई-दोऱ्यावर मान खाली घालून गजरे ओवतेय. शेवटी पुजारी म्हणाले, "आक्का, तुझ्या हट्टापायी घरातली भांडी जातील." तर म्हणाली, "भांडी जातील. पोरगा ऱ्हाईल ना?" मला तेव्हा फार संकोच झाला. कुणी आपल्यासाठी एवढं मोजतंय म्हटल्यावर बरं वाटायला पाहिजे ना? मला वाटत होतं, हिला कुणीतरी गप्प करा.

मग तिनं देणं फेडायला सुरुवात केली. काय तो थाट! कचेरीत निराधारांची ही लांबच लांब रांग, काठ्या टेकत आलेल्या म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या बायका. आक्का त्या सगळ्यांना ओलांडून थेट टेबलापाशी. कारकून म्हणाले, "ओ मावशी, रांगेत या." आक्का म्हणाली, "ती रांग घेणाऱ्यांची. मी द्यायला आलेय. माझा नंबर आधी." सगळी कचेरी हसायला लागली. कारकूनही हसले. मी भिंतीवरच्या पाटीकडं बघत उभा राहिलो, जणू मी दुसऱ्याच कामाला आलोय. पण खरं सांगतो, त्या कचेरीत पैसे भरायला कुणी इतक्या ताठ मानेनं आलेलं मी तरी पाहिलं नाही. कारकुनांनी हप्ते बांधून दिले. दर महिन्याला ती चलन भरून यायची. घरातलं तेल कमी झालं, दूध बंद झालं, पायात चप्पल नव्हतीच. मी पैसे देऊ केले तर म्हणाली, "तुझे पैसे तुझ्या लग्नाला ठेव. आईचं देणं आईनं फेडायचं."

हे असंच चालू राहिलं असतं. पण मध्येच तिची एक-दोन चलनं चुकली. फुलांना भाव नव्हता, आणि तिला ताप होता. कचेरीनं कागद बघितले, कमावता मुलगा आहे, कंपनीचं नाव आहे. त्याच्या पगारातून वसूल करा म्हणून थेट कंपनीला पत्र धाडलं.

आमच्या कंपनीत त्याच सुमारास काही जणांना परमनंट करायचं चाललं होतं. त्यात माझं नाव होतं. येवल्याला वडिलांची नजर जात चाललेली, माग आता एकट्या भावावर; मी परमनंट होईन या भरवशावर घरात उधारी चालायची. पर्सोनेलच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर ते पत्र आणि माझा अर्ज.

"काय हो, इथं तुमच्या आई येवल्याला राहतात. इथं सरकार म्हणतं, पंचवटीत राहतात. तुम्हाला आया किती?"

मी काहीतरी तोंडातल्या तोंडात बोललो. साहेब म्हणाले, "हे बघा, माझं काही म्हणणं नाही. पण यातलं एक खोटं आहे, आणि खोटी माहिती देणारा माणूस आम्ही परमनंट करत नाही. कचेरीतून लिहून आणा, नाव काढून घ्या. महिनाअखेरपर्यंत."

मी घरी आलो. आक्कानं ताट वाढलं. मला घास जाईना. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." परत म्हणाली, "काय झालं?" मग मी सांगितलं सगळं. आणि शेवटी म्हणालो, "जाऊ दे आक्का. होईल ते होईल." हे मी ज्या आवाजात म्हणालो ना, तो आवाज आठवला की आजही मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. 'जाऊ दे' म्हणत होतो आणि जाऊ देऊ नकोस अशी गयावया चाललेली. माझ्या ताटातला भात निवला होता, तो काढून आक्कानं गरम वाढला.

सकाळी ती ठेवणीतलं नऊवारी नेसून माझ्या दारात उभी. "सुट्टी टाक. कचेरीत जायचंय."

या खेपेला ती रांगेत उभी राहिली. घेणाऱ्यांच्या. मी म्हणालो, "आक्का, आपण पुढं जाऊन सांगू." पुढची म्हातारी सरकली की ही सरकायची, थांबली की थांबायची. नंबर आल्यावर कारकुनांनी आम्हाला आत नायब तहसीलदारांपुढं नेलं. ते रावसाहेब सही करण्यात गुंतलेले. आक्का हात जोडून म्हणाली, "साहेब, मी खोटं बोलले. मला पोरगा नाही. ह्यो शेजारी हाय, ह्याचा काही दोष नाही. मला कुणी नाही. मी निराधार हाय."

तो शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला.

रावसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "खरं आहे का?"

"हो," मी म्हणालो. "हो साहेब. मी फक्त शेजारी." आणि खिशातून शाळेचा दाखला काढून टेबलावर ठेवला. तो मी सकाळी निघतानाच खिशात घातला होता. फार मोठं ओझं उतरल्यासारखं वाटलं मला. पायऱ्या उतरताना मी चक्क आक्काला म्हणालो, "चल, मिसळ खाऊ." ती म्हणाली, "तुम्ही खा. मला धंद्यावर जायचंय."

मला वाटलं, रागावलीय. दोन दिवसांत निवळेल.

चौकशी परत झाली. या बाईला मूलबाळ नाही, असं चाळीतल्या दोन पंचांनी सांगावं लागतं. भाऊसाहेब गॅलरीत उभे राहून विचारत होते, आणि आक्का दारात पाटावर मान ताठ करून बसली होती. आम्हाला वाटलं, समोरची बाई आता डाव साधून घेणार. पण ती बाई आपल्या तिन्ही पोरांना हाताला धरून घरात घेऊन गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पंचांचं बोलणं संपेपर्यंत उघडलं नाही. संध्याकाळी तिनं आक्काकडं वाटीभर शिरा धाडला. भांडणं त्यानंतरही व्हायची त्यांची, पण तो शब्द परत कधी नळावर ऐकू आला नाही.

वसुली रद्द झाली, मनीऑर्डर सुरू झाली, मी परमनंट झालो. सगळ्यांचं भलं झालं. फक्त आक्का मला अहोजाहो करायला लागली.

मी खूप विनवलं. रागावलो, रुसलो, जेवलो नाही. ती म्हणाली, "तुमचा डबा मी बंद करणार नाही. पण सरकारदरबारी बोलून आलेय, हात जोडून बोलून आलेय. तिथं एक आणि घरात दुसरं, असलं मला जमायचं नाही." किराणावाल्याच्या दुकानाला वळसा घालणारी बाई ती, मी कोण लागून गेलो! डबा बंद केला नाही, पण महिन्याच्या महिन्याला पैसे मात्र घ्यायला लागली. त्याच्यावर एक रुपया जास्त दिला तर परत करायची. "शेजाऱ्याचं उगाच कशाला?"

माझं लग्न नाशिकलाच झालं. मांडवातली सगळी फुलं आक्काची. येवल्याहून माझी आई आली होती, तिला मी सगळं सांगितलेलं होतं. आईनं स्वतः उठून जाऊन आक्काचा हात धरला. म्हणाली, "या ना, पुढं बसा. कावीळ झाली तेव्हा तुम्हीच जगवलंत त्याला." आक्का हसली, आईच्या डोक्यात गजरा माळला आणि परत जाऊन शेवटच्या रांगेत चाळकऱ्यांमध्ये बसली. दुसऱ्या दिवशी फुलांचं बिल द्यायला दारात आली. मी ते चुकतं केलं. बायको माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं, कसली व्यवहारी बाई आहे.

पुढं मी पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला. डबा संपला, पण आक्काकडं जाणं संपलं नाही. दर वर्षी एकदा तर जावंच लागायचं, कारण निराधारांना वर्षातून एकदा कचेरीत तोंड दाखवावं लागतं. माणूस जिवंत आहे ना, अजून निराधारच आहे ना, याची खात्री. मी तिला स्कूटरवर बसवून न्यायचो. टेबलावरचा माणूस दर वर्षी तेच विचारायचा, "मूलबाळ?" आणि आक्का दर वर्षी खणखणीत आवाजात सांगायची, "नाही." सुरुवातीला मी स्कूटर लावायच्या निमित्तानं बाहेर रेंगाळायचो. पुढं तिला धरून न्यावं लागायला लागलं, तेव्हा शेजारी उभं राहून ऐकणं आलं.

मग तिचे गुडघे गेले, धंदा गेला. भाऊ वारले, भाच्यांनी मळा बिल्डरला दिला. आता तिच्याकडं तो सरकारचा पगार तेवढा होता. मी भाजी नेली की भाव विचारून पैसे पुढं करायची. बायकोनं साडी नेली, ती तिनं समोरच्या बाईच्या सुनेच्या बाळंतपणात देऊन टाकली. आमच्या घरी चल म्हणालो तर म्हणायची, "शेजारी राहतेय ते बरं हाय." आता मी कुठला शेजारी? सबंध नाशिक मध्ये पडलेलं.

शेवटच्या खेपेला नेलं तेव्हा तिला ऐकू येणं जवळजवळ बंद झालं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू. रिक्षातून उतरवून जवळजवळ उचलूनच आत नेलं. टेबलावर एक तरुण बाई होत्या, नव्या, समोर कॉम्प्युटर. त्यांनी नाव विचारलं, आक्का गप्प. परत विचारलं, आक्का आपली खिडकीतून बाहेर बघतेय. बाई म्हणाल्या, "काका, त्यांना ऐकू येत नाहीये. तुम्ही जरा कानात विचारा. मुलगा वगैरे आहे का विचारा. मला त्यांच्याच तोंडून यायला हवं, तसा नियम आहे."

मी म्हणालो, "अहो, नाहीये. कागदावर आहे तुमच्याकडं."

"ते बरोबर आहे हो, पण विचारावं लागतं."

मी वाकलो. तिच्या कानाशी तोंड नेऊन हळूच विचारलं. आक्कानं "आँ?" केलं. मागं रांग होती. कुणीतरी म्हणालं, "जोरात बोला की, म्हातारीला ऐकू यायला पाहिजे." मी परत वाकलो आणि सबंध कचेरीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडलो, "आक्का! तुला मुलगा आहे का?"

आक्कानं मान वळवली. माझं तोंड तिला कितपत दिसलं कोण जाणे. तिनं हात वर करून माझा गाल चाचपला, हनुवटी चाचपली. मग अगदी बारीक आवाजात, मलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "हाय की रे."

बाईंना टेबलापलीकडं ऐकू गेलं नाही. त्यांनी कीबोर्डवरचे हात तसेच धरले होते. "काय म्हणाल्या त्या?"

तिच्याकडं त्या पगाराशिवाय काही नव्हतं, आणि माझ्याकडून ती काही घेणार नव्हती. हे सगळं खरंच आहे. पण हा विचार करण्याइतकाही वेळ मी घेतला नाही.

"नाही म्हणते," मी म्हणालो. "कुणी नाही."

बाईंनी ते टाइप केलं आणि शाईचा पॅड पुढं सरकवला. माझं उत्तर आक्काला ऐकू आलं नव्हतं. मी तिचा अंगठा धरून शाईला लावला, कागदावर टेकवला, आणि ती सबंध वेळ माझ्याकडं बघून हसत होती.